थांबाले बी पैसा लागस

वाचकांचे प्रश्न : या महिन्यात गरिबीविषयी

मागच्या अंकात पीककर्जावर लिहिताना मी एक वाक्य लिहून गेलो होतो, की गरिबाचा बाजार नेहमी त्याच्या गरजेच्या दिवशी भरतो. त्या वाक्यावर बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं, काही चिडले, आणि दोघा-तिघांनी प्रश्न थेट जगापर्यंत नेला. त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तर देतो. अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. अमळनेर-पारोळ्याच्या शिवेवरच्या तीन गावांत, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचा गटसचिव म्हणून ३१ वर्षं काढली, आणि निवृत्तीनंतर जे मिळेल ते वाचत गेलो. सांगतो ते या दोन्हींच्या आधाराने.

प्रश्न : जगातले एवढे देश गरीब का राहिले? एकच मूळ कारण सांगायचं झालं तर तुम्ही काय सांगाल?
— एक शिक्षक, शिरपूर

सर, आधी २०२१ च्या दिवाळीतली गोष्ट सांगतो, कारण माझं उत्तर तिच्यात आहे.

गल्लीत खेडा खरेदीची गाडी उभी होती. मागच्या फाळक्याला काटा टांगलेला, शेजारी व्यापाऱ्याचा पोरगा वही घेऊन. आमच्या गावचा एक तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी घरातून कापसाची गाठोडी आणून काट्याला लावत होता. अकरा क्विंटल भरला. भाव साडेसात हजार. मी म्हटलं, "अरे, भाव चढता आहे, महिनाभर तरी थांब." त्याने काट्यावरची नजर न काढता सांगितलं, "थांबाले बी पैसा लागस, आप्पा."

त्याची बाजू मला माहीत होती. कृषी केंद्रावर बियाणं आणि फवारणीच्या औषधांची उधारी, दिवाळीचा वायदा. वेचणीला आलेल्या बायांची किलोमागे मजुरी, ती आठवड्याच्या बाजाराला द्यायचीच. लेकीची पहिली दिवाळी. आणि रब्बीची दादर ज्वारी पेरायची तर पुन्हा बियाणं. घरात विकण्याजोगी वस्तू एकच होती, कापूस.

२०२२ च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला. क्विंटलमागे अडीच हजार धरले तरी अकरा क्विंटलचे साडेसत्तावीस हजार झाले. मळणीपासून मळणीपर्यंत राबून त्याच्या हातात जे उरतं, ते जवळपास एवढंच असतं.

आता कोणी म्हणेल, थांबणं म्हणजे नेहमी फायदाच का? अजिबात नाही. पुढच्याच हंगामात, २०२२ च्या नोव्हेंबरात, नऊ हजाराच्या आसपास भाव होता. आदल्या सालचा भाव डोळ्यांपुढे ठेवून खान्देशात घराघरांत कापूस भरून ठेवला गेला. खोल्या भरल्या, माणसं ओसरीवर झोपली. त्या कापसाने लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली. मे महिन्यात भाव सात हजारांकडे उतरला. आमच्या गावात तीस एकरवाल्याचं त्यात दोन लाखांवर नुकसान झालं. तरी त्याने मृगाला वेळेवर पेरणी केली, मुलाची इंजिनीअरिंगची फी भरली, आणि पुढच्या साली पुन्हा थांबायचं की विकायचं हे स्वतः ठरवलं. तीन एकरवाल्याने त्या सालीही दिवाळीलाच विकला होता, त्यामुळे तो वाचला. पण त्यात त्याने काही ठरवलेलं नव्हतं. आधीच्या साली बुडाला तेव्हा ठरवलं नव्हतं, या साली वाचला तेव्हाही नाही.

म्हणून सर, माझ्या लेखी मूळ कारण हे : थांबता न येणं. सगळे विकतात तेव्हा विकावं लागणं, सगळे घेतात तेव्हा घ्यावं लागणं, दुखणं अंगावर काढून शेवटी डॉक्टर गाठणं, आणि मिळेल त्या मजुरीला हो म्हणणं. कष्ट आणि अक्कल असूनही माणूस यातून सुटत नाही. मग पुढचा प्रश्न उभा राहतो, की त्याच्याकडची थांबण्याची ताकद गेली कुठे? तिथून इतिहास सुरू होतो, आणि देशांच्या बाबतीतही थेट तसाच सुरू होतो. तो पुढच्या उत्तरांत येईल.

प्रश्न : मूळ कारण लोकसंख्या हेच नाही का? खाणारी तोंडं वाढली की काय होणार?
— एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

नाही. दक्षिण कोरियात दर चौरस किलोमीटरला आपल्या देशापेक्षा जास्त माणसं राहतात आणि तो श्रीमंत देश आहे. काँगोत आपल्या तुलनेत माणसं फारच विरळ, आणि तिथली गरिबी जगात सर्वांत खोल गरिबींपैकी. आपल्याकडेही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ होता, म्हणजे दोन मुलंही नाहीत. लोकसंख्येचाच प्रश्न असता तर तो सुटत आला आहे. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, जगली चार. मूल जगेल याची खात्री नसते आणि म्हातारपणी पेन्शन नसते, तेव्हा मुलं हीच थांबण्याची ताकद असते. दवाखाना जवळ आला आणि मुली शाळेत गेल्या, तशी आमच्या गावात एका पिढीत कुटुंबं लहान झाली. कोणी सक्ती केली नाही.

प्रश्न : आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तापी आहे, नर्मदा आहे, सातपुडा आहे. शहाद्याला पपई, केळी, ऊस. नंदुरबारची मिरची सगळीकडे जाते. तरी गरिबीची यादी निघाली की आमचं नाव पहिलं. वर्गात बाहेरची मुलं यावरून बोलतात. याचं कारण काय?
— बी. ए. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, शहादा

बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वर्गात कोणी बोललं तर त्यांना हे सांग.

यादीतलं नाव खरं आहे. नीती आयोगाने २०२१ मध्ये जो बहुआयामी गरिबीचा अहवाल काढला, त्यात महाराष्ट्रात सर्वांत जास्त गरिबी नंदुरबार जिल्ह्यात, निम्म्याहून अधिक लोक गरीब, असं आलं होतं. त्यात नुसतं उत्पन्न मोजलेलं नव्हतं. पोषण, शाळा, सरपण, संडास, पिण्याचं पाणी, घर असं सगळं होतं. पण तुमच्याकडे काय नाही हे अशा यादीत दिसतं, ते कोणी नेलं हे दिसत नाही.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश घेतला. सातपुड्यातल्या भिल्लांना आवरायला १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली. मग १८७८ चा जंगल कायदा आला आणि ज्या डोंगरावर पिढ्यान् पिढ्या मोह, डिंक, चारोळी वेचली, जिथे नागली-वरई पेरली, तो डोंगर राखीव झाला. दुष्काळात जंगल हे आदिवासींचं कोठार असतं. कोठाराला कुलूप लागलं आणि भुकेल्या माणसाला सावकाराच्या दारात उभं राहावं लागलं. सपाटीवर जमिनीचा सारा रोख भरायचा. रोख म्हणजे पुन्हा सावकार, आणि सावकार म्हणजे जमीन गहाण. तुझ्या शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात भिल्ल कुटुंबांच्या किती जमिनी अशा पन्नास-शंभर रुपयांच्या कर्जापायी दुसऱ्यांच्या नावावर चढल्या, हे जुने फेरफार काढून बघितलं तर कळतं. मूळ मालक त्याच शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, म्हणून राबायला लागला.

यावर तुझ्याच तालुक्यात माणसं उभी राहिली, हे मात्र अभिमानाने सांग. अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना गोळा केलं, १९७२ मध्ये श्रमिक संघटना निघाली, सालदारांची मजुरी आणि गेलेल्या जमिनी यांवर मोर्चे निघाले. पुढे राज्याने १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेली जमीन ठरावीक अटींवर परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. काहींना जमीन मिळाली. काहींना हुकूम मिळाला, ताबा नाही. त्या फरकात दोन पिढ्या गेल्या.

धरणांचंही तसंच. उकाई धरण गुजरातेत बांधलं, पण तापीचं पाणी मागे फुगलं ते नवापूरच्या बाजूची गावं बुडवत. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यातली ३३ गावं आली. पाणी आणि वीज ज्यांना मिळाली ती माणसं वेगळी, घर सोडलं ती वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याने निदान कसत असलेल्या जमिनीचा दावा मान्य केला. म्हणजे १८७८ ला लागलेलं कुलूप किलकिलं व्हायला १२८ वर्षं लागली.

हे सगळं काँगोला लागू होतं. जगात मोबाईलच्या बॅटरीसाठी लागणारं कोबाल्ट निम्म्याहून जास्त त्या देशातून येतं. पण १८८५ ते १९०८ तो देश बेल्जियमच्या राजाची खाजगी मालमत्ता होता, रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले. नंतर १९६५ पासून ३२ वर्षं मोबुटू नावाचा हुकूमशहा बसला, आणि त्याला बाहेरचे श्रीमंत देश कर्ज देत राहिले. जिथे जमिनीत काही मोलाचं असतं, तिथल्या माणसांना त्या मोलातून बाजूला सारायची घाई सर्वांना होते. तुझा जिल्हा गरीब नाही. तुझ्या जिल्ह्यातली माणसं गरीब ठेवली गेली.

प्रश्न : आप्पा, तुम्ही गरिबांची बाजू घेता ते ठीक. पण फुकटच्या योजनांनी लोक आळशी झाले आहेत. शेतात मजूर मिळत नाही, संध्याकाळी गुत्त्यावर रांग. याला जबाबदार कोण?
— एक व्यापारी, धरणगाव

शेठ, दारूबद्दल तुम्ही खरं बोलता. दारूने बुडालेली घरं मी मोजून दाखवू शकतो, आणि त्या घरांतल्या बायांचे हाल शब्दांत मांडता येणार नाहीत. पण दारू बागायतदाराच्या मळ्यातही आहे. तिथे तिने घर बुडत नाही, कारण बुडायला वेळ लागेल एवढं घर मोठं आहे.

आळसाबद्दल मात्र तुम्हाला मी आमच्या गावच्या भिलाटीत घेऊन जाईन. दसरा-दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं कुलूपबंद होतात. जोडी गेली ऊसतोडीला, बारडोलीकडे. जोडीला बोलतात 'कोयता'. माणसाच्या नावापेक्षा हत्याराचं नाव पुढे. पहाटे चारला फड गाठायचा, नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. मिळून दिवसाला दीड-दोन टन. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. लहान मूल पाचटाच्या खोपीत. याला आळस म्हणत असाल तर मग कष्ट कशाला म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

आता व्यवहार बघा. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कधी देतो? श्रावणात. तेव्हा शेतात निंदणी उरकलेली असते, घरात दाणा संपलेला असतो, पोरं तापाने फणफणलेली असतात. माणूस सर्वांत वाकलेला असताना सहा महिन्यांच्या घामाचा भाव ठरतो. तिकडे गेल्यावर खावटीचं धान्य उधार, तेही शेवटी कापून घ्यायचं. मे महिन्यात हिशोब होतो आणि पुष्कळदा अंगावर बाकीच निघते. ती बाकी पुढच्या सालच्या उचलीत. शाळेत त्या पोराचं नाव पटावर असतं, पोर फडात असतं. वीस वर्षांनी तेच पोर कोयता होतं.

मजूर मिळत नाही असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ जुन्या भावात मिळत नाही असा आहे. माझ्या लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार ठरायचा. ओसरीवर मालक बसलेला, खाली अंगणात सालदार उकिडवा. आकडा मालक बोलायचा. रोजगार हमी आली आणि पहिल्यांदा त्या माणसाला 'बघतो, सांगतो' म्हणता आलं. त्या दोन शब्दांची किंमत मला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. वडिलांनी बैलजोडी मातीमोल विकली आणि आई-वडील दोघं खडी फोडायला गेले. कामावर मिळणारी सुकडी आई पदरात बांधून आणायची आणि आम्हा भावंडांना वाटायची. तिने स्वतः ती खाल्लेली मी कधी पाहिली नाही. त्या दुष्काळातल्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तो स्वीकारला. त्याला फुकट म्हणू नका. ती खडी आमच्या आईने फोडली आहे.

प्रश्न : आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊन साठ वर्षं झाली. आपल्याला पंच्याहत्तरच्या वर. अजून किती दिवस गोऱ्यांना दोष देणार? भ्रष्ट पुढारी हेच खरं कारण नाही का?
— एक वकील, चाळीसगाव

वकीलसाहेब, पुढाऱ्यांना मी सोडणार नाही. घरकुलाचा पहिला हप्ता मिळवायला विधवेला कुणाकुणाला किती द्यावे लागले, ते मी पाहिलं आहे. पण चोरी सगळीकडे होते. चोरी झाल्यावर कोण उभा राहतो आणि कोण झोपतो, हे आधीच ठरलेलं असतं.

तुम्हाला 'नवंजुनं' हा शब्द माहीत असेल. ३१ मार्च जवळ आला की सोसायटीचं कर्ज फेडायचं, म्हणजे नवीन मिळतं आणि व्याजाची सवलत जात नाही. फेडायला पैसे नसतात. मग सावकार चार दिवसांसाठी रक्कम देतो, शेकड्याला दोन रुपये. सकाळी भरणा, दोन-चार दिवसांत नवीन कर्ज उचल, ती रक्कम सावकाराला परत, वर त्याचे दोन टक्के. असा सावकार मार्चअखेर आमच्या सोसायटीच्या ओट्यावर पिशवी घेऊन बसलेला असायचा. मी त्याला उठवलं नाही. कारण वसुली शंभराच्या जवळ गेली की माझं कौतुक व्हायचं. कागदावर सगळे सभासद नियमित फेड करणारे, आणि प्रत्यक्षात मुद्दल जिथल्या तिथे. हे ओझं अजून माझ्या मनावर आहे.

देशांचंही नवंजुनं असतं. झांबिया बघा. १९६४ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या निर्यातीतले ९० टक्क्यांहून जास्त पैसे एकट्या तांब्याचे. खाणी, रेल्वे, सगळं तांबं बाहेर नेण्यासाठी बांधलेलं. तांब्याची तार करायचा कारखाना इंग्रजांनी तिथे काढला नाही; आपल्या कापसाचा धागाही असाच मँचेस्टरला व्हायचा. १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. एकच पीक असलेल्या शेतकऱ्यासारखी गत. शाळा-दवाखाने चालू ठेवायला कर्ज काढलं. १९८० च्या आसपास अमेरिकेने आपली महागाई आवरायला व्याजदर वीस टक्क्यांपर्यंत नेले, आणि कर्जं डॉलरमध्ये असलेल्या गरीब देशांचं व्याजही चढलं. जुनं फेडायला नवं कर्ज. नव्या कर्जाच्या अटी, की खर्च कमी करा, फी लावा. २००५ नंतर बरंच कर्ज माफ झालं. तरी २०२० मध्ये कोरोनात पुन्हा हप्ता थकला. यात तिथल्या पुढाऱ्यांच्या चुका आहेतच. पण दोन-तीन मालांवर उभा असलेला देश वाईट वर्ष काढायला थांबूच शकत नाही.

त्याहून जुनं उदाहरण कॅरिबियनमधल्या हैतीचं. तिथल्या गुलामांनी स्वतः फ्रेंचांशी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं किनाऱ्यावर उभी केली आणि भरपाई मागितली, १५ कोटी फ्रँक. भरपाई कशाची? मळेवाल्यांची मालमत्ता गेली म्हणून, आणि त्या मालमत्तेत ही माणसंच धरलेली होती. रक्कम पुढे ९ कोटींवर आणली, पण ती भरायलाही पॅरिसच्याच बँकांचं कर्ज. त्या कर्जाची शेवटची फेड झाली १९४७ मध्ये. वकीलसाहेब, तुम्ही म्हणता किती दिवस दोष देणार. हैतीने त्याचे हप्ते १२२ वर्षं भरले. ज्या पैशाने शाळा व्हायच्या, रस्ते व्हायचे, तो गेला. आज तिथली गरिबी पाहून लोक हैतीच्या माणसांचा स्वभाव तपासतात.

आपल्या खान्देशालाही हे नवीन नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि इंग्रजांच्या गिरण्यांनी आपल्याकडे धाव घेतली. कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. लोकांनी ज्वारीच्या जमिनीत कापूस घातला, सावकारांनी सढळ हाताने दिलं. युद्ध संपलं, भाव पडला. सारा आणि कर्ज तेवढंच राहिलं. पुढे १८७५ मध्ये पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे हाच इतिहास आहे. आणि छप्पन्नच्या, म्हणजे संवत १९५६ च्या दुष्काळात, १८९९-१९०० मध्ये, घरात ज्वारी कमी आणि कर्जाचे कागद जास्त अशी गत असलेली माणसं वाटेवर पडली.

आजही कापूस तोच धडा देतो. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे आफ्रिकेतले चार देश जागतिक व्यापार संघटनेत म्हणाले, की अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरमसाट अनुदान देते, त्याने जगाचा भाव पडतो आणि आमचे शेतकरी मरतात. त्यांना धड उत्तर मिळालं नाही. ब्राझीलने हीच तक्रार खटला म्हणून लढवली आणि जिंकली. ब्राझीलकडे वकील होते आणि वर्षानुवर्षं थांबायची ऐपत होती. बुर्किना फासोच्या शेतकऱ्याचं घर मी पाहिलेलं नाही, पण त्याचा काटा कसा टांगलेला असेल ते मला डोळ्यांपुढे दिसतं.

आणि हे बदलता येतं का? येतं. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरिया उत्पन्नाने घानाच्या जवळपास होता. पण त्याआधीच, १९५० पासून, तिथे तीन हेक्टरवरची जमीन काढून कुळांना दिली गेली. जमीनदार गेला, कुळाच्या पोराला शाळा मिळाली, मग कारखाने आले. अमेरिकेची मदत होती, लष्करी हुकूमशाही होती, कामगार भरडले गेले, हेही सांगितलं पाहिजे. तरी पाया जमिनीचा आणि शाळेचा होता. आपल्याकडे कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला पुष्कळ कुळं मालक झाली. माझं घरही त्यातलंच. वडिलांच्या नावावर चार एकर लागली नसती तर मी गटसचिव झालो नसतो, सालदार झालो असतो. पण जे आधीपासून नुसते सालदार होते, त्यांच्या नावावर कूळ म्हणूनही कागद नव्हता. ते जिथल्या तिथे राहिले. शाळेचंही सांगतो. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी बंद केली आणि दहा लाखांहून जास्त नवी मुलं शाळेत आली. आई-बापांना शिक्षणाचं महत्त्व एका दिवसात कळलं असं झालं नव्हतं. दार उघडलं, एवढंच.

प्रश्न : आमचा २२ क्विंटल मका घरात आहे. व्यापारी ओला म्हणून भाव पाडून मागतो. बाजार समितीत माल ठेवून कर्ज मिळतं असं ऐकलं. खरं आहे का? सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे.
— एक शेतकरी भगिनी, एरंडोल तालुका

ताई, खरं आहे. शेतमाल तारण कर्ज योजना म्हणतात. पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून आहे, आणि या योजनेत मका बसतो. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, बाजारभाव किंवा हमीभाव यांत जो कमी तो धरून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. समजा भाव दोन हजार धरला, तर तुमच्या मालाचे ४४ हजार झाले, हातात ३३ हजारांपर्यंत येतील. सहा महिन्यांचं व्याज ९९० रुपये. तीच रक्कम गावात महिना तीन रुपये शेकड्याने घेतलीत तर सहा महिन्यांत ५,९४० जातील. माल तुमचाच राहतो, भाव आला की विकून कर्ज वळतं करायचं.

प्रत्येक बाजार समिती ही योजना चालवते असं नाही, आणि चालवत असली तरी फलक लावून बसत नाही. म्हणून गाडी भरण्याआधी एकदा जाऊन सचिवांना विचारा. अर्ज सासऱ्यांच्या नावाने करावा लागेल. सातबारा, त्यावर मक्याचा पीकपेरा लागलेला, आधार आणि पासबुक एवढं सोबत ठेवा. पीकपेरा लागला नसेल तर आधी तलाठ्याकडे जा.

जाता जाता एक. ३१ वर्षांत स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या किती बायांनी माझ्याकडून कर्ज घेतलं, ते मला बोटांवर मोजता येईल, आणि त्यातल्या बहुतेक विधवा होत्या. सासऱ्यांची वाटणी होईल तेव्हा तुमच्या मालकांना सांगा, की लक्ष्मीमुक्तीतून पत्नीचं नाव सातबाऱ्याला लावता येतं. त्यालाही अर्ज तलाठ्याकडेच. पत्रात तुम्ही 'आमचा मका' लिहिलंय, तो तुमचा आहेच. कागदावरही असू द्या.

आणि ओलाव्याचं. व्यापारी त्यात खोटं बोलत नसेल, हाताला गार लागतो तो मका ओलाच असतो. गोदामातही १४ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. चांगली चार-पाच उन्हं द्या, थर पातळ ठेवा, दिवसातून तीनदा पायाने फिरवा. दाणा दाताखाली फुटताना कट्ट आवाज आला की पोत्यात भरा. रात्री ताडपत्री टाकायला विसरू नका, सध्या पहाटे दव पडतंय.